एकाच बँडच्या मैफली जमवताना : ग्रेटफुल डेडपासून सुरुवात

ग्रेटफुल डेड या कॅलिफोर्नियाच्या बँडने १९६८ साली ‘डार्क स्टार’ हे गाणं तबकडीवर काढलं, तेव्हा ते तीन मिनिटांच्या आत संपत होतं. पुढच्याच वर्षी त्यांच्या ‘लाइव्ह/डेड’ या अल्बमवर तेच गाणं तेवीस मिनिटं चाललं. २७ ऑगस्ट १९७२ ला, ओरेगन राज्यातल्या वेनेटा इथे, उन्हाने भाजून निघालेल्या दिवशी ते अर्ध्या तासावर गेलं. भीमसेनांचा किंवा कुमारांचा एकच राग ज्याने तीन-चार वेगवेगळ्या मैफलींत ऐकलाय, त्याला यातली गंमत समजावून सांगावी लागत नाही. अल्बमवर गाण्याचा आराखडा मिळतो, गाणं घडतं ते मैफलीत. म्हणून अशा बँडवर जीव जडला की अल्बम घेऊन भागत नाही, कार्यक्रमांची रेकॉर्डिंग जमवावी लागतात. ती नीट कशी जमवायची ते इथे डेडच्या उदाहरणाने सांगतो, कारण ही सगळी पद्धत त्यांच्याच श्रोत्यांनी सर्वांत पुढे नेली.

आधी बँडची परवानगी बघा

डेडचे कार्यक्रम १९६५ ते १९९५ अशी तीस वर्षं चालले, आणि त्यांची संख्या २,३०० च्या वर आहे. श्रोते माइक घेऊन यायचे, रेकॉर्ड करायचे, आणि बँड त्यांना अडवत नसे. पुढे माइकच्या उंच काठ्यांचं रान इतकं माजलं की मिक्सरवर, म्हणजे वाद्यांचे आवाज जुळवायच्या यंत्रावर, बसलेल्या माणसाला रंगमंच दिसेना. तेव्हा ऑक्टोबर १९८४ पासून बँडने मिक्सरच्या मागे रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी वेगळी जागाच ठेवली आणि तिची तिकिटंही वेगळी विकली. अट एकच : या रेकॉर्डिंगचा पैसा करायचा नाही.

फिश या बँडने हीच वाट धरली. पर्ल जॅम या बँडने २००० च्या दौऱ्यात जवळपास प्रत्येक कार्यक्रम स्वतःच सीडीवर काढून विकला, एकूण ७२ अल्बम. तुमच्या आवडीच्या बँडची भूमिका काय आहे ते पहिल्यांदा शोधा. परवानगी नसेल तर बँडने अधिकृतपणे काढलेल्या मैफली विकत घ्या आणि तिथेच थांबा. आपल्या कॉपीराइट कायद्यातही १९९४ पासून कलावंताचा त्याच्या सादरीकरणावर हक्क मानलेला आहे. ज्याच्या वाजवण्यावर आपलं प्रेम आहे, त्याची इच्छा पाळणं हा त्या प्रेमाचाच भाग आहे.

एक वर्ष धरा

इंटरनेट अर्काइव्ह या मोफत संकेतस्थळाच्या लाइव्ह म्युझिक विभागात डेडची हजारो रेकॉर्डिंग आहेत. नवा माणूस तिथे शिरला की सगळंच उतरवायला बसतो. तसं करू नका. एक वर्ष निवडा आणि निदान दोन-तीन महिने त्यातच राहा. माझा सल्ला विचाराल तर १९७७. त्या वर्षी बँड आखीव वाजवत होता, गाणी एकमेकांत सहज मिसळत होती आणि रेकॉर्डिंगही स्वच्छ आहेत. १९७२ त्याहून मोकळं आणि धाडसी, पण कान थोडे तयार झाल्यावर ते जास्त भिडतं.

१९७७ मध्येही सुरुवात करा ती ८ मे पासून : कॉर्नेल विद्यापीठ, बार्टन हॉल. हे रेकॉर्डिंग बेटी कँटर-जॅक्सन या बँडच्या ध्वनितंत्रज्ञ बाईंनी केलं. त्यांच्याकडच्या शेकडो रिळांची पुढे परवड झाली. सामान ठेवलेल्या गोदामाचं भाडं थकलं आणि १९८६ मध्ये रिळं लिलावात गेली. ज्यांच्या हाती ती लागली त्यांच्याकडून प्रती निघाल्या आणि या हातातून त्या हातात कॅसेटी फिरत राहिल्या. त्यांना आजही ‘बेटी बोर्ड’ म्हणतात. कॉर्नेलचं हे रेकॉर्डिंग अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत घेतलं, आणि २०१७ मध्ये, कार्यक्रमाला चाळीस वर्षं झाल्यावर, ते अधिकृतपणे बाजारात आलं. तोपर्यंत ते जिवंत ठेवलं होतं ते साध्या श्रोत्यांनी.

रेकॉर्डिंगची जात ओळखा

एकाच मैफलीची पाच-सहा रेकॉर्डिंग दिसतील. साउंडबोर्ड म्हणजे थेट मिक्सरमधून घेतलेलं. त्यात प्रत्येक वाद्य सुटं ऐकू येतं, पण सभागृह जवळजवळ गायब असतं. ऑडियन्स म्हणजे श्रोत्यांत माइक लावून घेतलेलं. दोन्ही जुळवून केलेलं ते मॅट्रिक्स.

बहुतेक जण साउंडबोर्डच्या मागे धावतात. मला चांगलं ऑडियन्स रेकॉर्डिंग जास्त प्रिय आहे. हेडफोन लावून ऐका : दिवे मालवल्यावर उठलेला गलका, जवळच कुणीतरी पुटपुटलेलं गाण्याचं नाव, बँडचा गिटारवादक-गायक जेरी गार्सिया याच्या गिटारचे पहिले दोन स्वर ओळखीचे निघाल्यावर मागून पुढे सरकत आलेला आवाज. मैफलीत आपण बसलोय असं वाटायला हे लागतं. शिवाय एक व्यवहाराचा मुद्दा आहे. २००५ च्या अखेरीपासून अर्काइव्हवर डेडची साउंडबोर्ड रेकॉर्डिंग फक्त तिथल्या तिथे ऐकता येतात, ऑडियन्स मात्र उतरवून घेता येतात. साउंडबोर्ड दर्जाच्या मैफली घरी हव्या असतील तर अधिकृत मालिका आहेत : ‘डिक्स पिक्स’चे १९९३ ते २००५ या काळात निघालेले ३६ भाग, आणि २०१२ पासून चालू असलेली ‘डेव्ह्ज पिक्स’.

वंशावळ वाचा

या छंदात सर्वांत महत्त्वाची गोष्ट कोणती असेल, तर रेकॉर्डिंगसोबत येणारी साधी टेक्स्ट फाइल. तारीख, गाव, सभागृह, गाण्यांचा क्रम, आणि त्याखाली वंशावळ : कोणता माइक, कोणता रेकॉर्डर, मूळ टेप कोणती, तिच्यावरून पुढची प्रत कशावर, संगणकात कुणी आणि कशी घेतली. कॅसेटवरून कॅसेट केली की दर पिढीला खरखर वाढते आणि वरचे स्वर बोथट होतात. मूळ टेपवरून थेट संगणकात आलेलं रेकॉर्डिंग आणि चौथ्या पिढीच्या कॅसेटवरून आलेलं, यांत फुलपात्रातलं पाणी आणि डबक्यातलं पाणी इतका फरक पडतो. वंशावळीत जितक्या कमी पायऱ्या, तितकं बरं.

दोष कुठे आहेत तेही तिथे लिहिलेलं असतं. ‘अमुक गाण्यात टेप उलटली’ असा शेरा दिसला तर समजा, नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांनी संपली, कॅसेट काढून उलटी घालेपर्यंत बँड वाजवतच होता, आणि तेवढा तुकडा कायमचा गेला. कधी तो दुसऱ्या रेकॉर्डिंगमधून आणून जोडलेला असतो. मग त्या जागी आवाजाचा पोत एकदम बदलतो.

वेगही तपासा. टेप सहा टक्के जोरात धावली तर पांढरी एकचं गाणं काळी एकला जाऊन बसतं. फोनवर ट्यूनर लावून गिटारचा एखादा लांब धरलेला स्वर बघा. तो सुरात बसण्याऐवजी दोन स्वरांच्या मधेच लोंबकळत असेल, तर वेग चुकलाय. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये तो दुरुस्त करता येतो, पण दुरुस्त केलेली प्रत वेगळ्या नावाने ठेवा, मुळाला हात लावू नका.

मी सुरुवातीला छोट्या हार्डडिस्कमध्ये जागा करायला शंभरेक मैफली एमपी-थ्री करून टाकल्या आणि टेक्स्ट फाइली पुसल्या. दोन वर्षांनी कोणती मैफल कुठल्या टेपवरून आली होती ते सांगता येईना, आणि गाण्यांच्या जोडावर बारीकसा खड्डा ऐकू यायला लागला. सगळं पुन्हा जमवावं लागलं. काही रेकॉर्डिंग पुन्हा मिळालीच नाहीत.

उतरवा आणि पडताळा

फाइली फ्लॅकमध्येच घ्या. फ्लॅक आवाजातलं काहीही न गमावता आकार साधारण निम्म्यावर आणतं. तीन तासांची मैफल सीडीच्या दर्जात सुमारे एक जीबीत बसते. जुनी रेकॉर्डिंग शॉर्टन या प्रकारात मिळतील, ती फ्लॅकमध्ये बदलून घेतली तरी काही हरवत नाही. सोबत एमडी-फाइव्ह चेकसमची फाइल असते. ती प्रत्येक फाइलचा अंगठ्याचा ठसाच समजा. विंडोजवर ट्रेडर्स लिटल हेल्पर या मोफत प्रोग्रॅममध्ये ती उघडली की फाइल जशीच्या तशी आली की वाटेत बिघडली, ते कळतं. ही पाच मिनिटं वाचवू नका. ऐकायला फूबार२००० हा प्लेअर वापरा, म्हणजे एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना खंड पडत नाही. डेडच्या बाबतीत हे फार लागतं, कारण त्यांच्या दुसऱ्या सत्रात गाणी क्वचितच एकमेकांपासून सुटी होतात.

तारखेचा घोळ टाळा

अमेरिकन माणूस आधी महिना लिहितो. ‘५/८/७७’ हे आपण ५ ऑगस्ट वाचतो, पण ती कॉर्नेलची ८ मे आहे. खरं तर त्या ऑगस्टमध्ये बँडचा कार्यक्रमच झाला नाही. जूनमध्ये ड्रमवादक मिकी हार्टला मोटार अपघात झाला आणि बँड पुन्हा वाजवायला उतरला तो ३ सप्टेंबरला, न्यू जर्सीतल्या इंग्लिशटाउनला. म्हणून फोल्डरला आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असं नाव द्या : १९७७-०५-०८. पुढे गाव आणि रेकॉर्डिंगची जात. या रीतीने हजार फोल्डर झाले तरी ते आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. आतल्या फाइलींची नावं बदलू नका, नाहीतर चेकसमची फाइल त्या ओळखणार नाही.

जपून ठेवा

दोन वेगळ्या हार्डडिस्क, आणि तिसरी प्रत दुसऱ्या कुणाच्या घरी. घरी रेकॉर्ड केलेल्या सीडींवर विसंबू नका. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत टेपवर पांढरी बुरशी धरते. कुणाकडे जुन्या कॅसेटी असतील तर पावसाळा लागण्याआधी त्या संगणकात घ्या, आणि बुरशी दिसली तर ती कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घालू नका, ती हेडला लागून पुढच्या कॅसेटीही खराब होतात.

ऐका आणि लिहा

दर मैफलीसाठी वहीचं एक पान ठेवा. कोणत्या गाण्यात कितव्या मिनिटाला काय घडलं, कुठे गार्सिया ओळ विसरला, कुठे फिल लेशची बास गिटार पुढे येऊन सगळ्यांना ओढून नेतो. १९७८ पासून दुसऱ्या सत्राच्या मध्यावर फक्त ड्रम्सचा लांब भाग असायचा, तो पुढे ढकलू नका. मिकी हार्टने अल्लारखाँसाहेबांच्या तबल्यापासून बरंच घेतलं, आणि आपल्या माहीमच्या झाकीर हुसेन यांच्यासोबत १९७६ मध्ये ‘दिगा’ आणि १९९१ मध्ये ‘प्लॅनेट ड्रम’ केलं. लयीची गणितं ऐकायची सवय असलेल्या कानाला तिथे ओळखीच्या खुणा सापडतात.

पूर्वी अमेरिकेत नवख्या माणसाने कोऱ्या कॅसेटी आणि परतीच्या टपालाची तिकिटं पाठवायची, समोरच्याने त्यांवर मैफल उतरवून परत पाठवायची, अशी रीत होती. कुणी विचारलं तर आपणही तसंच करावं. पेनड्राइव्ह त्याचा, मैफल आपली निवडलेली, टेक्स्ट फाइल आणि चेकसम न विसरता, आणि एक पैसाही न घेता. मी पहिल्यांदा देताना नेहमी कॉर्नेल देतो. महिन्याभराने फोन आला की वेनेटा.