लिनक्स शिकायचंय? आधी ही भाऊबंदकी समजून घ्या

नोकरीला लागून जेमतेम चार महिने झाले होते आणि मी एका कमांडने अख्खा सर्व्हर झोपवला. गंमत म्हणजे कमांड चुकीची नव्हतीच. लिनक्सवर किलऑल लिहून पुढे प्रोसेसचं नाव दिलं की त्या नावाच्या सगळ्या प्रोसेस, म्हणजे चालू असलेले प्रोग्रॅम, मरतात, हे मी शेकडो वेळा केलं होतं, त्याच भरवशावर एका जुन्या सोलारिस (यूनिक्सचाच एक प्रकार) मशीनवर रूट म्हणून, म्हणजे सगळे अधिकार घेऊन, लॉगिन करून तेच टाइप केलं, आणि तिथे किलऑलचा अर्थ शब्दशः "सगळ्यांना मार" असा निघाला. नावबिव काही बघत नाही ते. सिस्टिम बंद करताना सगळं आवरायला ठेवलेली कमांड होती ती. सीनियर ओरडला नाही, फक्त म्हणाला, "हे मशीन कुठल्या घराण्यातलं आहे ते बघितलंस का रे आधी?"

तेव्हा मला हा प्रश्नच कळला नव्हता. घराणं म्हणजे काय, यूनिक्स म्हणजे जुनं लिनक्स ना, इतकीच अक्कल होती. नव्याने येणारी बहुतेक मुलं अजूनही इथेच अडकतात, म्हणून हे लिहितोय.

तर मूळ पुरुष यूनिक्स, एक ऑपरेटिंग सिस्टिम. 1969 साली बेल लॅब्ज या अमेरिकन संशोधन संस्थेने मल्टिक्स नावाच्या अवाढव्य प्रोजेक्टमधून अंग काढून घेतलं आणि तिथल्या केन थॉम्पसनने एका पडीक पीडीपी-7 मशीनवर स्वतःची छोटी सिस्टिम लिहायला घेतली, डेनिस रिची सोबत होताच. 1973 मध्ये ती सी भाषेत परत लिहिली गेली, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी उडी हीच, कारण तोवर ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे एकाच जातीच्या मशीनला चिकटलेली गोष्ट, आता ती उचलून दुसरीकडे नेता यायला लागली.

आता खरी भानगड. बेल लॅब्जची मालक एटी अँड टी, आणि 1956 च्या एका कोर्टाच्या बंधनामुळे या कंपनीला टेलिफोन सोडून कॉम्प्युटरच्या धंद्यात उतरायची मुभा नव्हती. मग त्यांनी यूनिक्सचा सोर्स कोड विद्यापीठांना किरकोळ पैशात देऊन टाकला. बर्कली विद्यापीठाच्या पोरांनी तो घेतला आणि त्यात इतकी भर घातली की बीएसडी नावाची वेगळी पातीच तयार झाली. बिल जॉयने व्हीआय एडिटर लिहिला तो तिथलाच, आणि 1983 च्या 4.2 बीएसडीमधून टीसीपी/आयपी, म्हणजे इंटरनेटवर मशीननी एकमेकांशी बोलायचे नियम, असे काही पसरले की आजही नेटवर्क प्रोग्रामिंग करताना आपण जे सॉकेट वापरतो ते तिथलेच. इकडे एटी अँड टीचे 1984 मध्ये तुकडे झाले, बंधन सुटलं, आणि ते सिस्टिम फाइव्ह नावाचं आपलं यूनिक्स घेऊन बाजारात उतरले. झालं, दोन चुली. सोलारिस, एचपी-यूएक्स, एआयएक्स वगैरे मंडळी यातूनच आली, कोणी याचं घेतलं, कोणी त्याचं, कोणी दोन्हीकडचं.

मग नेहमीप्रमाणे कोर्टकचेरी. 1992 मध्ये बीएसडी विकणाऱ्या कंपनीवर एटी अँड टीच्या यूनिक्स कंपनीने कोडवरून केस टाकली, 1994 मध्ये मिटली, आणि सुमारे 18,000 फायलींपैकी काढाव्या लागल्या फक्त 3. पण त्या दोन वर्षांत बीएसडीला हात लावायला लोक बिचकत होते, आणि 1991 मध्ये हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्सने सुरू केलेलं लिनक्स तेवढ्यात पुढे निघून गेलं. लिनक्समध्ये मूळ यूनिक्सचा कोड नाही बरं का, वागणं तसं आहे, रक्त नाही. आणि लिनक्स म्हणजे फक्त कर्नल, हार्डवेअर सांभाळणारा सिस्टिमचा गाभा. आपण जी एलएस, ग्रेप, सेड ही रोजची टूल्स वापरतो ती बहुतेक डिस्ट्रोत (लिनक्स कर्नलभोवती बांधलेल्या तयार सिस्टिममध्ये) ग्नूची, रिचर्ड स्टॉलमनने 1983 मध्ये जाहीर केलेल्या मुक्त सॉफ्टवेअर प्रोजेक्टची. अँड्रॉइडमध्ये कर्नल लिनक्सचा आहे पण ग्नूचा हा संसार नाही, म्हणून तो लिनक्स असूनही परका वाटतो.

हे सगळं कशाला सांगितलं? कारण रोजच्या कामात जे विचित्र वाटतं त्याच्या मागे हा इतिहास असतो. चालू प्रोसेसची यादी दाखवणाऱ्या पीएसला कोणी डॅश (आडवी रेघ) देऊन ईएफ लिहितं, कोणी डॅशशिवाय एयूएक्स, मला वाटायचं ज्याची त्याची सवय, पण पहिलं सिस्टिम फाइव्हचं आणि दुसरं बीएसडीचं, लिनक्सने दोघांनाही घरात घेतलंय. मॅकवर सेडला फाइल जागच्या जागी बदलणारा आय फ्लॅग दिला की तो बॅकअपचं एक्स्टेन्शन मागतो, कारण तिथला सेड बीएसडीचा. मॅकबरोबर येणारा बॅश (टाइप केलेल्या कमांड चालवणारा शेल) 3.2 वरच थांबलाय, पुढच्या व्हर्जनचं लायसन्स जीपीएल 3 (ग्नूचंच लायसन्स) झालं आणि ॲपलला ते नको होतं, त्यामुळे लिनक्सवर छान चाललेली तुमची असोसिएटिव्ह ॲरेवाली (नावाने मूल्य शोधणाऱ्या यादीची) स्क्रिप्ट तिथे आपटते. लायसन्समुळे स्क्रिप्ट मोडते हे मला कुठल्या कोर्समध्ये कोणी सांगितलं नव्हतं!

लिनक्सच्या आतसुद्धा हेच. उबुंटूत 2006 पासून एसएच, म्हणजे स्क्रिप्ट चालवणारा मूळ शेल, बॅश नाही, डॅश नावाचा दुसराच शेल आहे. आणि कंटेनरवाल्यांनो, अल्पाइन या छोट्या डिस्ट्रोवर फाइल डोळ्यासमोर असते आणि सिस्टिम म्हणते "नॉट फाउंड", मी यात अख्खी दुपार घालवलीये. फाइल असते हो, पण ती ग्नूच्या सी लायब्ररीसाठी बनवलेली, अल्पाइनवर असते मसल नावाची वेगळी सी लायब्ररी, आणि न सापडलेली गोष्ट असते ती फाइल चालवणारा लोडर.

तर शिकायचं कसं. डिस्ट्रो बदलत बसू नका, मी दीड वर्ष तेच केलं, वॉलपेपर सोडून काही शिकलो नाही. डेबियन घराण्यातली एक आणि रेड हॅट घराण्यातली एक अशा दोन धरा, म्हणजे सॉफ्टवेअर टाकायची त्यांची टूल्स, एपीटी आणि डीएनएफ, दोन्ही हाताखालून जातील, बाकीच्या बऱ्याचशा यांचीच पिल्लावळ आहे. नंतर एखादा शनिवार-रविवार काढून व्हर्च्युअल मशीनवर फ्रीबीएसडी, बीएसडी पातीतलीच एक सिस्टिम, टाका. नोकरीत ते लागेलच असं नाही, पण कर्नल आणि बेसिक टूल्स एकाच टीमने एकत्र बनवली की सिस्टिम कशी दिसते ते कळतं, आणि त्याची मॅन पानं (कमांडची माहितीपत्रकं) वाचताना लिनक्सची वाचायची चीड येते. इंटरव्ह्यूत "लिनक्स आणि यूनिक्समध्ये फरक काय" हे विचारलंच जातं, तेव्हा "एक फुकट, एक विकत" एवढंच बोलून थांबू नका, एटी अँड टीचं बंधन आणि ती केस दोन वाक्यांत सांगा, समोरचा खुर्चीत सावरून बसतो, मी पाहिलंय.

आणि अनोळखी मशीनवर गेलात की पहिली कमांड यूनेम, ती सिस्टिमचं नाव सांगते, लिनक्स निघालं तर ईटीसीमधली ओएस-रिलीज फाइल, त्यानंतरच बाकी काही.

किलऑल मी त्या दिवसानंतर हाताने कधीच टाइप केलं नाही, नावाने प्रोसेस मारायला पीकिल वापरतो. खूप नंतर कळलं की पीकिल मुळात आलं ते सोलारिसमधूनच.