एमआरआय यंत्राच्या देखभालीत शिरू पाहणाऱ्यांसाठी : बेळगाव सीमाभागातून एक अनुभवकथन

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील अभियांत्रिकीचे किंवा भौतिकशास्त्राचे विद्यार्थी मला अधूनमधून विचारतात, की एमआरआय यंत्रांच्या देखभालीचे काम करायचे असेल तर नेमके काय शिकावे. बहुतेकांची समजूत असते की हे काम संगणकाचे आहे, कारण काचेच्या अलीकडे बसलेल्या माणसासमोर दिसतो तो संगणकच. मी स्वतः सीमाभागातील मराठी माध्यमाच्या शाळेतून आलो, बेळगावातच इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतली आणि बरीच वर्षे याच यंत्रांच्या मागे फिरत आहे. माझे मत असे झाले आहे, की या यंत्राचे भौतिकशास्त्र चुंबकाच्या खोलीत असले तरी त्याचे बरेचसे दुखणे खोलीबाहेर, पाणी, वीज आणि हवा यांच्यात सुरू होते. आणि या दोहोंमधला दुवा ज्याला दिसतो, त्याच्याच हाताला यंत्र लवकर यश देते.

आरंभ चुंबकापासून करावा. आपल्याकडील रुग्णालयांत बहुधा 1.5 टेस्लाची आणि काही ठिकाणी 3 टेस्लाची यंत्रे असतात; टेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक. दक्षिण भारतात पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सुमारे 40 मायक्रोटेस्ला भरते, म्हणजे 1.5 टेस्ला हे त्याच्या 35 हजार पटींहून अधिक झाले. साध्या तांब्याच्या वेटोळ्यांतून एवढे क्षेत्र अखंड मिळवायचे म्हटले तर निर्माण होणारी उष्णता काढून टाकणेच अशक्यप्राय होईल. म्हणून येथे नायोबियम-टायटॅनियम या मिश्रधातूची तार वापरतात, जी 9 केल्विनच्या आसपास अतिसंवाहक होते, म्हणजे तिचा विजेला होणारा विरोध शून्य होतो, आणि तिला द्रवरूप हेलियमच्या साहाय्याने 4.2 केल्विनला, म्हणजे उणे 269 अंश सेल्सिअसला ठेवतात. अतिसंवाहकतेचा शोध 1911 मध्ये कामरलिंग ओनेस यांनी लावला तो पाऱ्याचा अभ्यास करताना, आणि त्यासाठी लागणारे द्रवरूप हेलियम त्यांनीच 1908 मध्ये प्रथम तयार केले होते. चुंबक उभारताना बाहेरच्या वीजपुरवठा यंत्रातून काही शे अँपिअर प्रवाह हळूहळू आत सोडतात, मग अतिसंवाहक स्विचने वेटोळे स्वतःतच बंद करतात आणि बाहेरच्या तारा काढून घेतात. त्यानंतर तो प्रवाह वर्षानुवर्षे फिरत राहतो. यातून निघणारी गोष्ट नवख्या माणसाच्या मनात सर्वांत उशिरा रुजते : संगणक बंद असो, दिवे गेलेले असोत, रविवार असो, चुंबक चालूच असतो.

मात्र प्रवाहाला वीज लागत नसली तरी थंडाव्याला लागते. चुंबकाच्या माथ्यावर कोल्ड हेड बसवलेला असतो. तो बाहेरच्या कॉम्प्रेसरकडून येणाऱ्या दाबाखालच्या हेलियम वायूवर चालतो आणि उकळून वर आलेल्या हेलियमचे पुन्हा द्रवात रूपांतर करतो. यंत्राच्या खोलीत चोवीस तास जी चुकचुक ऐकू येते, ती याच कोल्ड हेडची असते. कॉम्प्रेसर गार राहतो तो चिलरच्या, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्राच्या, पाण्याने, आणि चिलर बहुधा गच्चीवर किंवा मागच्या आवारात उन्हापावसात उभा असतो. म्हणजे गच्चीवरच्या पंख्याची जाळी धुळीने बुजली की पाणी तापते, पाणी तापले की कॉम्प्रेसर स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो, तो बंद पडला की कोल्ड हेड थांबतो, चुंबकातील दाब चढू लागतो आणि शेवटी झडपेतून हेलियम वायू बाहेर जाऊ लागतो. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे दुपारी ऊन तापते आणि संध्याकाळी वळवाचा पाऊस विजांसह येतो. वीज दोन-चार वेळा जाते-येते, जनरेटर सुरू होतो, दिवे लागतात, संगणक यूपीएसवर चालू असतो, आणि कॉम्प्रेसर तेवढा ट्रिप होऊन गप्प बसलेला असतो. रात्रपाळीच्या माणसाला ती चुकचुक थांबल्याचे लक्षात आले नाही, तर सकाळी कळते ते दाबाच्या आकड्यावरून. म्हणून माझ्याबरोबर शिकायला येणाऱ्याला मी पहिले काम देतो ते दररोज चुंबकाचा दाब, हेलियमची पातळी, पाण्याचे तापमान आणि पाण्याचा प्रवाह वहीत लिहून काढण्याचे. हे काम कंटाळवाणे आहे, पण बिघाडाची चाहूल त्याच वहीत आधी लागते.

हेलियमचा प्रश्न आपल्यासारख्या ठिकाणी पैशाइतकाच वेळेचाही असतो. भारत जवळजवळ सगळे हेलियम आयात करतो, आणि आपल्याकडे ते मोठ्या शहरांतून खास भांड्यांत रस्त्याने आणावे लागते, ज्यात वाटेतही थोडे उडून जाते. जुन्या धाटणीच्या चुंबकात सुमारे 1,500 ते 2,000 लिटर द्रव हेलियम असते. तार कोठेही तापून अतिसंवाहकता गमावली, की प्रवाहातील सारी ऊर्जा उष्णता बनते आणि हे द्रव काही क्षणांत उकळते. यालाच क्वेंच म्हणतात. एक लिटर द्रवाचा खोलीच्या तापमानाला सुमारे 750 लिटर वायू होतो, म्हणजे 1,500 लिटरचे 1,100 घनमीटरांहून अधिक. चुंबकाची खोली साधारण शंभर घनमीटरांची असते. हा वायू बाहेर नेणारी क्वेंच पाइप तुंबलेली असेल, तर तो खोलीतच शिरतो आणि श्वासासाठीचा ऑक्सिजन बाजूला सारतो. खोलीत ऑक्सिजन मॉनिटर लावलेला असतो तो एवढ्यासाठीच. पाइपचे बाहेरचे तोंड पावसाळ्यापूर्वी आणि नंतर पाहणे हा कोणाच्याही यादीतून सुटू नये असा भाग आहे, कारण आपल्याकडचा पाऊस आडवा लागतो आणि पाखरांना अशी तोंडे घरट्यासाठी फार आवडतात.

चुंबक कोठे बसवायचा, याचाही स्वतंत्र अभ्यास असतो. क्षेत्र नुसते जोरकस असून भागत नाही, ते एकसारखे असावे लागते. मधल्या 40 सेंटिमीटरच्या गोलात फरक दशलक्षात एक-दोन भागांच्या आत राखण्याचा प्रयत्न असतो. त्यासाठी लोखंडाचे लहान पत्रे नेमक्या जागी बसवून आणि शिम वेटोळ्यांत बारीक प्रवाह सोडून शिमिंग करतात. जवळून मोठे लोखंड हलले की ही घडी बिघडते. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर ज्या रस्त्याने जातात, त्या रस्त्याला लागून असलेली तळमजल्यावरची खोली दाखवून जागामालक खूश असतो, आणि तेथे चुंबक का नको हे त्याला समजावणे इंजिनिअरच्या वाट्याला येते.

आता ग्रेडियंट, म्हणजे क्षेत्राला जागेनुसार दिलेला चढ, आणि माझ्या मते या यंत्राचा सर्वांत सुंदर भाग हाच. नुसत्या एकसारख्या क्षेत्रात शरीरातील हायड्रोजनची सगळी केंद्रके रेडिओलहरींना एकाच वारंवारतेने प्रतिसाद देतात : दर टेस्लाला 42.58 मेगाहर्ट्झ, म्हणजे 1.5 टेस्लाला सुमारे 63.9 मेगाहर्ट्झ. अशा संकेतावरून तो गुडघ्यातून आला की टाचेतून, हे कळत नाही. पॉल लॉटरबर यांनी 1973 मध्ये दाखवले की क्षेत्राला जागेनुसार चढ दिला तर वारंवारताच जागेचा पत्ता बनते. त्यांना आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना 2003 चे नोबेल मिळाले ते याच कामासाठी. आकडे घेऊन पाहावे. ग्रेडियंट दर मीटरला 10 मिलिटेस्ला असेल, तर मध्यापासून 20 सेंटिमीटरवर क्षेत्र 2 मिलिटेस्लाने वाढते आणि वारंवारता सुमारे 85 किलोहर्ट्झने सरकते. त्याच ग्रेडियंटमध्ये शरीराच्या 5 मिलिमीटर जाडीच्या कापाची प्रतिमा हवी असेल, तर केंद्रकांना चेतवणाऱ्या रेडिओ स्पंदाची वारंवारता-पट्टी सुमारे 2.1 किलोहर्ट्झची ठेवावी लागते. हे गणित ज्याने एकदा कागदावर स्वतः केले, त्याला पुढे पडद्यावरचा प्रत्येक आकडा कोठून आला हे विचारावे लागत नाही.

हे चढ देणारी तीन वेटोळी, एक्स, वाय आणि झेड, चुंबकाच्या आत एकाच जाड नळकांड्यात इपॉक्सीने घट्ट बसवलेली असतात. बोगद्याच्या लांबीच्या दिशेचा चढ वर्तुळाकार वेटोळ्यांच्या जोडीतून मिळतो, उरलेल्या दोन दिशांसाठी खोगिराच्या आकाराची वेटोळी लागतात. त्यांत काही शे अँपिअर प्रवाह मिलिसेकंदाच्या अंशात चालू-बंद होतो : दर मीटरला 40 मिलिटेस्लाचा चढ, दर मीटर दर सेकंदाला 200 टेस्लाच्या वेगाने, म्हणजे अवघ्या 0.2 मिलिसेकंदात. दहावीत पाठ केलेला फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम येथे प्रत्यक्ष ऐकू येतो. 1.5 टेस्लामध्ये 500 अँपिअर वाहणाऱ्या तारेच्या एका मीटरवर 750 न्यूटनपर्यंत बल पडू शकते, आणि प्रवाह उलटला की तेही उलटते. रुग्णाला घाबरवणारा तो ठोकठोक आवाज म्हणजे हे नळकांडे थरथरण्याचा आवाज होय. तो शंभर डेसिबलच्या वर जाऊ शकतो, त्यामुळे कानात बोळे किंवा कानांवर हेडफोन असल्याशिवाय तपासणी सुरू होता कामा नये.

बदलते क्षेत्र भोवतालच्या धातूत भोवरा-प्रवाह निर्माण करते आणि ते मूळ चढाला विरोध करतात. म्हणून ग्रेडियंटच्या बाहेरून उलट दिशेची कवचवेटोळी गुंडाळतात आणि तरीही उरलेली तूट भरून काढण्यासाठी प्रवाहाचा आकार आधीच थोडा उचलून देतात. ग्रेडियंटच्या जोडणीतला एखादा बोल्ट थरथरून सैल झाला की तेथे ठिणगी पडते, आणि प्रतिमेवर कापडाच्या विणीसारखी तिरकी जाळी दिसते. हिवाळ्यात आपल्याकडे हवा कोरडी पडते, तेव्हा स्थिर विजेमुळेही अशीच जाळी दिसते. कोणता भाग बदलायचा हे ठरवण्याआधी खोलीतील आर्द्रता पाहावी आणि टॉर्क रेंच घेऊन बोल्ट तपासावेत.

रेडिओ विभागाबद्दल थोडक्यात सांगतो. 1.5 टेस्लाच्या यंत्रात पाठवण्याची शिखरशक्ती पंधरा-वीस किलोवॅटपर्यंत जाते, तर परत येणारा संकेत अतिशय क्षीण असतो, म्हणून संपूर्ण खोलीला तांब्याचे अस्तर असते. त्यातील दुबळा दुवा म्हणजे दार. दाराच्या कडेच्या धातूच्या पट्ट्या पावसाळ्यात काळवंडतात किंवा स्ट्रेचरच्या धक्क्याने वाकतात, बाहेरचा रेडिओ-गोंगाट आत येतो आणि प्रतिमेवर झिपसारखी सरळ रेघ उमटते. अशा वेळी महागडा अ‍ॅम्प्लिफायर मागवण्यापूर्वी पट्ट्या पुसून पाहाव्यात.

सुरक्षेविषयी मात्र थोडक्यात चालणार नाही. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसल्यामुळे सीटी स्कॅनसाठी लागतो तसा अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना त्याला लागत नाही, छातीवर किरणमापक बिल्लाही लावत नाहीत, आणि त्यामुळेच लोकांना ते निरुपद्रवी वाटते. जानेवारी 2018 मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेलेला रुग्णाचा नातेवाईक चुंबकाकडे ओढला गेला आणि दगावला. चुंबकाचे बल जवळ जाताना सावकाश वाढत नाही. आधुनिक कवचयुक्त चुंबकात ते दोन पावलांत कैकपट होते, त्यामुळे हातातला पाना धरून ठेवू हा विश्वास व्यर्थ असतो. चंदगड किंवा खानापूरकडून आलेल्या आजींच्या कमरेची चावी, पदराची पिन, गळ्यातला काळ्या दोऱ्यातला ताईत यांबद्दल मराठीत आणि कन्नडमध्ये दोनदा विचारावे, आणि पेसमेकरबद्दल सोबतच्या मुलालाही स्वतंत्रपणे विचारावे.

शिक्षणाबाबत माझा सल्ला रूढ सल्ल्याहून थोडा वेगळा आहे. व्हीटीयूची (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाची) इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रिकल किंवा बायोमेडिकल यांपैकी कोणतीही पदवी चालते, यंत्र चालवायचे असेल तर मेडिकल इमेजिंग टेक्नॉलॉजीचा बी.एस्सी. हा सरळ मार्ग आहे. पण देखभालीत जायचे असेल तर सुट्टीत बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्यात थ्री-फेज पॅनेल, चिलर आणि शीतकरण यांच्याजवळ हात काळे करावेत. यंत्राविषयीचे खास प्रशिक्षण कंपनी देते, आणि ते त्या-त्या मॉडेलपुरतेच असते. थ्री-फेजचा एक फेज गेल्यावर कॉम्प्रेसरचे काय होते, हे ती कोणाला शिकवत बसत नाही. कन्नड लिहिता-वाचता येणे आवश्यक समजावे, कारण वीज मंडळाच्या कार्यालयापासून रुग्णालयाच्या स्टोअरपर्यंतचा व्यवहार त्याच भाषेत होतो. नोकरीचे ठिकाण बहुधा हुबळी किंवा बेंगळुरू असते आणि हद्द उत्तर कर्नाटकाची, त्यामुळे प्रवासाला पर्याय नसतो.

पुढील काळात चुंबक बदलणार आहेत. काही कंपन्यांनी सीलबंद चुंबक आणले असून त्यांपैकी एकात अवघे सात लिटर हेलियम पुरते आणि क्वेंच पाइपचीही गरज पडत नाही. भारतातही मुंबईची समीर ही संस्था आणि दिल्लीचे इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटर 1.5 टेस्लाच्या देशी यंत्रावर काम करत आले आहेत. हेलियमची ने-आण कमी झाली तर सीमाभागातील लहान शहरांना त्याचा मोठाच फायदा होईल. परंतु दीड हजार लिटर हेलियमच्या साठ्यामुळे जुना चुंबक थंडावा थांबल्यावरही बराच काळ तग धरतो, आणि सात लिटरच्या चुंबकाजवळ तेवढी शिल्लक नसते. काही तास चिलर बंद राहिला तर त्याचा प्रवाह उतरवावा लागतो. म्हणून असे यंत्र घ्यायला निघालेल्या रुग्णालयाने माझे मत विचारले, तर मी चुंबकाच्या माहितीपत्रकाआधी त्यांचा जनरेटर आणि गच्चीवरचा चिलर पाहायला मागतो.