तत्त्वज्ञान पहिल्यांदाच घेताय? युक्तिवाद वहीत उतरवा

बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलं की लवकरच देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाची गाठ पडते. इंद्रियं कधीकधी फसवतात, स्वप्नातही सगळं खरंच वाटतं, मग खात्री कशाची धरायची, हा त्याचा १६४१ मधला प्रश्न. वर्गात काहीजण "हे काय खूळ!" म्हणतात, काहीजण "कशाचीच खात्री नाही" म्हणून मोकळे होतात. दोन्हीकडे अभ्यास राहूनच जातो. मला उपयोगी पडलेली सवय अशी: युक्तिवाद एकेक ओळ करून वहीत लिहायचा आणि पटत नसेल ती नेमकी ओळ शोधायची.

पाण्याच्या पेल्यात पेन्सिल तिरकी ठेवा. ती वाकलेली दिसते. प्रत्यक्षात ती सरळ आहे. म्हणजे वाकलेलं काहीतरी मला दिसतंय. म्हणून मला दिसते ती पेन्सिल नव्हे, मनातली प्रतिमा! भरभर वाचलं तर सगळं पटतं. पण 'वाकलेली दिसते' यावरून 'वाकलेलं काहीतरी दिसतंय' हे कुठून आलं? पाण्यातून बाहेर येताना प्रकाश वळतो, त्यामुळे सरळ पेन्सिलच तशी दिसते. सरळ वस्तू नेहमी सरळच दिसली पाहिजे असं थोडंच आहे? ऑक्सफर्डचा तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन याने नेमकं इथेच बोट ठेवलं. ही फट स्वतः शोधण्यात जो आनंद आहे, त्यासाठी मी हा विषय कुणालाही घ्यायला सांगेन.

परमनाच्या प्रश्नालाही, म्हणजे दुसऱ्याला मन आहे हे कशावरून, या प्रश्नालाही हीच रीत लावा. दाढ दुखली की मी कण्हतो. समोरचाही कण्हतोय, म्हणजे त्यालाही दुखतंय. पण एका स्वतःच्या उदाहरणावरून सगळ्यांबद्दल अनुमान कसं काढायचं? यासाठी इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलसोबत धर्मकीर्तीही वाचा. सातव्या शतकातल्या या बौद्ध आचार्याने याच प्रश्नावर 'संतानांतरसिद्धि' हा स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

नैतिक सापेक्षतावादात, म्हणजे बरं-वाईट हे ज्या-त्या समाजापुरतंच असतं या मतात, सगळ्यात जास्त गोंधळ होतो. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याचा वाद घ्या. शरीरसंबंधासाठी मुलीचं किमान वय, लग्न झालेलं असलं तरी, १० वरून १२ करायचं होतं. आगरकर कायद्याच्या बाजूने, टिळक विरोधात. इथे दोन प्रश्न आहेत: इतक्या लहान वयातल्या संबंधांची प्रथा वाईट आहे का, आणि परक्या सरकारने ती कायद्याने मोडावी का? टिळकांचा भर दुसऱ्या प्रश्नावर होता. म्हणून त्यांना सापेक्षतावादी ठरवणं चूक. 'दुसऱ्यांच्या चालीरीतींत ढवळाढवळ करू नये' हाही सगळ्यांना लागू केलेला नियमच आहे. तो सापेक्षतावादात कसा बसवायचा, हे पानभर लिहून शिक्षकांना दाखवा.