पहिल्या स्प्रिंटच्या आधी: शेतकऱ्यासाठी ॲप करणाऱ्या टीमची तयारी

स्प्रिंट, म्हणजे सॉफ्टवेअरचा एक छोटा तुकडा पुरा करण्याची ठरलेली फेरी, बहुधा दोन आठवड्यांचा असतो, आणि गावातल्या सहा जणांच्या भेटी ठरवण्यातच दोन आठवडे निघून जातात. ॲजाइल (थोडं थोडं बांधत पुढं जाण्याची पद्धत) आणि मानवकेंद्री डिझाइन (वापरणाऱ्यांना भेटून, त्यांच्यासमोर तपासून केलेलं डिझाइन) एकत्र चालवू म्हणणाऱ्या टीमचं घोडं बहुतेक वेळा इथेच अडतं. रिसर्चमधून काही हाती लागेपर्यंत डेव्हलपर पुढच्या स्क्रीनवर गेलेले असतात, मग त्याची पीपीटी होते आणि ड्राइव्हवर पडून राहते. म्हणून बॅकलॉग, म्हणजे करायच्या कामांची यादी, लिहायला बसण्याआधी कॅलेंडर उघडा आणि पहिल्या तीन महिन्यांत ॲप वापरणाऱ्यांना कधी कधी भेटणार त्या तारखा टाका. कोणाला भेटायचं हे अजून ठरलं नसलं तरी टाका. तारीख ठरली की माणसं शोधावीच लागतात. माणसं सापडली की तारीख ठरवू म्हटलं, तर ती ठरत नाही.

उदाहरणाला पीकनोंदीचं ॲप घेऊ. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर लागू झाली आणि तलाठ्याकडची पिकाची नोंद शेतकऱ्याच्या मोबाइलवर आली. काम तेच, गाव नमुना १२ (सातबाऱ्यातला पिकांचा भाग) तोच, पण करणारा बदलला. तलाठी गावभरच्या नोंदी करायचा. शेतकरी हंगामातून एकदा स्वतःची करतो. मागच्या खेपेला कुठं काय दाबलं होतं ते त्याच्या लक्षात राहायचं कारण नाही. तुमची टीम अशा स्वरूपाचं काही करणार असेल, तर वापरणारा नेमका कोण हे आधी कागदावर उतरवा. शेतकरी आलाच. पण ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्याची नोंद त्याचा पुतण्या करतो किंवा सेवा केंद्रावरचा पोरगा करतो. जमीन नवऱ्याच्या नावावर आणि शेत बायको बघते, अशी घरं गावोगाव आहेत. नोंद तपासणारा तलाठी वेगळा. आणि प्रकल्पाचे पैसे देणारं खातं यातलं कोणीच नाही. स्प्रिंटच्या डेमोला मात्र तेच समोर बसतं आणि ‘छान झालंय’ म्हणतं. त्या होकारावर विसंबू नका.

क्लायंट ‘हे डिझाइनचं मध्येच काय काढलंत’ असं विचारणार, त्याची तयारी ठेवा. मानवकेंद्री डिझाइनसाठी आयएसओ ९२४१-२१० हे मानक २०१० पासून आहे, २०१९ मध्ये ते सुधारलं गेलं. त्यात चार कामं सांगितली आहेत: वापराची परिस्थिती समजून घेणं, गरजा नेमक्या मांडणं, डिझाइन करणं, आणि ते माणसांसमोर तपासणं. हीच चार कामं पुन्हा पुन्हा, थोडी थोडी करायची. सतरा जणांनी २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटामध्ये जमून ॲजाइलचा जाहीरनामा लिहिला, त्यातही थोडं थोडं करून दाखवत पुढं जाण्यावरच भर आहे. दोन्हींत भांडण नाही. भांडण वेळापत्रकाचं आहे.

त्या वेळापत्रकावरचा मला सर्वांत पटलेला तोडगा टोरांटोच्या एलिअस या सॉफ्टवेअर कंपनीतला आहे. ही कंपनी पुढे ऑटोडेस्कने घेतली. तिथल्या लिन मिलर यांनी २००५ मध्ये आणि डेझिरे सी यांनी २००७ मध्ये तो लिहून ठेवला. डिझाइन आणि कोड हे दोन रूळ शेजारी शेजारी चालतात, पण डिझाइन एक पाऊल पुढं असतं. तिसऱ्या स्प्रिंटमध्ये डेव्हलपर जे बांधतात त्याचं डिझाइन दुसऱ्यात झालेलं असतं आणि त्यासाठी लागणारी माहिती पहिल्यात गोळा झालेली असते. त्याच तिसऱ्या स्प्रिंटमध्ये डिझायनर चौथ्याचं डिझाइन करतो, पाचव्यासाठी माहिती आणतो आणि दुसऱ्यात बांधलेलं लोकांच्या हातात देऊन बघतो. एकट्या डिझायनरला हे झेपत नाही. निदान दोघं लागतात, आणि दुसऱ्या डिझायनरची जागा आधीच मंजूर करून घ्या. मग पहिल्या स्प्रिंटमध्ये डेव्हलपरनी काय करायचं? ज्यात कोडचं काम भरपूर आणि स्क्रीन नावाला आहे ते. पीकनोंदीच्या ॲपमध्ये अशी कामं ढीगभर निघतात: लॉगिनच्या मागची यंत्रणा, रेंज नसताना फोटो फोनमध्ये साठवून नंतर वर पाठवणं, जीपीएस, गट क्रमांकांचा डेटा आणणं. ही यादी टेक लीडसोबत (डेव्हलपरच्या प्रमुखासोबत) बसून आजच करा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात कोणीतरी फॉर्म बांधायला घेईल.

आता शेतावरच्या भेटीची तयारी. पेरणीच्या धांदलीत जाऊ नका. आठवडी बाजाराचा वार विचारून घ्या, त्या दिवशी दुपारी घरी कोणी भेटत नाही. सरपंचाने जमवून दिलेल्या माणसांवर थांबू नका, कारण ती बहुतेक त्याच्याच वाड्यावरची, बोलकी आणि बरा फोन असलेली असतात. चाचणी शेतकऱ्याच्या स्वतःच्या फोनवर घ्या, तडा गेलेल्या काचेसकट, भर उन्हात बांधावर उभं राहून. ऑफिसमध्ये सुरेख दिसणारा करडा मजकूर तिथे वाचता येत नाही. मराठी मजकूर खऱ्या फोनवर बघा: दोन ओळींमधलं अंतर कमी पडलं की वेलांटी आणि उकार कापले जातात, आणि ‘पुढे’ एवढ्यासाठी केलेल्या बटणात ‘माहिती जतन करा’ बसत नाही. पूर्ण नाव लिहिताना कोणी आडनाव आधी लिहितो, कोणी शेवटी.

क्षेत्राच्या एककांवर तर अर्धा दिवस राखून ठेवा. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर (हेक्टरचा शंभरावा भाग), चौरस मीटर असं असतं. शेतकरी बोलतो एकर-गुंठ्यात. अर्धा एकर म्हणजे वीस गुंठे. एक गुंठा म्हणजे एका आरपेक्षा जेमतेम जास्त, त्यामुळे उताऱ्यावर ते साधारण ०.२० हेक्टर दिसतं. आता फॉर्ममध्ये ‘क्षेत्र (हेक्टर)’ असा एकच रकाना ठेवा आणि अर्धा एकर सोयाबीन लावलेल्या माणसाला तो भरायला सांगा. एक जण ०.५ लिहील, एक जण २०, आणि तिसरा फोन पुतण्याकडे देईल. तिन्ही उत्तरं त्यांच्या हिशेबाने बरोबर आहेत. हा घोळ ऑफिसातल्या भिंतीवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांतून कधीच बाहेर येत नाही, आणि तो रकाना तीन स्प्रिंटनंतर बदलायचा म्हटलं तर डेटाबेसपासून अहवालापर्यंत सगळं उसवावं लागतं. म्हणून असे प्रश्न आधी शोधा, जे उशिरा कळले तर महागात पडतात. बटणाचा रंग थांबू शकतो.

किती जणांना भेटायचं? वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब निल्सन यांनी २००० मध्ये मांडलेला पाच जणांचा आडाखा (पाच जणांवर चाचणी घेतली तरी बहुतेक अडचणी सापडतात) चांगला आहे, पण तो एकाच प्रकारच्या वापरणाऱ्यांसाठी. शेतकरी, केंद्रचालक आणि तलाठी असे तीन गट असतील तर प्रत्येकातले तीन-चार घ्या. पाच जणांचे आकडे काढून टक्केवारी मात्र मांडू नका. शक्य असेल तर एक डेव्हलपर लॅपटॉपसह बरोबर न्या. मायक्रोसॉफ्टमध्ये ‘एज ऑफ एम्पायर्स २’ या गेममधली नवशिक्यांसाठीची शिकवणी तपासताना एका माणसाला अडलं की ते दुरुस्त करून पुढच्या माणसासमोर ठेवत, आणि ही पद्धत २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन आठवड्यांच्या चक्रात ती फार उपयोगी पडते: सकाळी एक रकाना अडला, दुपारी त्याच्या जागी एकर आणि गुंठे असे दोन रकाने आले.

संमतीचा कागद साध्या मराठीत आणि मोठ्या अक्षरात छापा, वाचून दाखवा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा माहिती कशासाठी घेतो ते सांगणारी सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत वाचण्याचा पर्याय द्यायला सांगतो. मराठी त्यात आहेच. सातबारा, आधार, चेहरा यांचे फोटो टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे नाहीत, हे निघण्यापूर्वी सगळ्यांना सांगा. ज्याची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते त्याला मोबदला द्या, आणि तो बजेटमध्ये प्रवासखर्चाच्या शेजारी लिहा.

मग टीमच्या आतलं. ब्रिटनच्या सरकारी डिजिटल सेवेत टीममधल्या प्रत्येकाने दर सहा आठवड्यांत निदान दोन तास वापरणाऱ्यांवरचं संशोधन प्रत्यक्ष बघावं असं सांगितलं जातं. प्रत्येकाने म्हणजे टेस्टर आणि प्रॉडक्ट ओनरनेही (काय बांधायचं ते ठरवणाऱ्यानेही). हे तास स्प्रिंटच्या क्षमतेतून, म्हणजे टीमच्या हाती असलेल्या तासांतून, आधीच वजा करा. नाहीतर पहिल्या घाईत ते रद्द होतात. बॅकलॉगमधल्या प्रत्येक स्टोरीखाली (वापरणाऱ्याला काय करता यावं हे सांगणाऱ्या नोंदीखाली) एक ओळ सक्तीची करा: हे आपल्याला कुणाकडून कळलं? उत्तर ‘मीटिंगमध्ये ठरलं’ असेल तर तसं प्रामाणिकपणे लिहा, म्हणजे कुठल्या स्टोरीला अजून पाया नाही ते दिसतं. ‘काम पूर्ण’ कशाला म्हणायचं याच्या व्याख्येत ‘दोघांनी मदतीशिवाय वापरून पाहिलं’ हे घाला. आणि चाचणीतून निघालेल्या दुरुस्त्यांसाठी प्रत्येक स्प्रिंटमध्ये जागा मोकळी सोडा. ही जागा नसेल तर चाचणी घेऊन काहीच उपयोग नाही, कारण सापडलेलं सगळं ‘पुढच्या फेजमध्ये’ जातं आणि तिथून परत येत नाही.

स्प्रिंट प्लॅनिंगच्या आदल्या दिवशी एवढं हातात हवं: तीन महिन्यांच्या भेटींचं कॅलेंडर, पहिल्या भेटीला हो म्हटलेल्यांची नावं आणि गाव, डेव्हलपरच्या पहिल्या दोन आठवड्यांची बिनस्क्रीनची कामं, संमतीचे कागद, गाडी. आणि ज्यांनी वेळ दिला त्यांना पुढच्या वेळी जाताना काय बदललं ते दाखवायचं आहे, ते काम कोणाकडे आहे त्याचं नाव.