उन्हाळ्यातले सहा आठवडे: 'अपवर्ड बाउंड'ला जाणाऱ्या मुलांसाठी

'अपवर्ड बाउंड' हा शाळेतल्या मुलांना कॉलेजसाठी तयार करणारा अमेरिकी सरकारी कार्यक्रम; उन्हाळ्यात मुलं त्यासाठी सहा आठवडे विद्यापीठात राहून शिकतात. एमएस करताना दोन उन्हाळे मी या मुलांबरोबर विद्यापीठाच्या वसतिगृहात राहिले. दिवसा गणिताची शिकवणी घ्यायची, रात्री मजल्यावर लक्ष ठेवायचं. अमेरिकेत नुकत्याच आलेल्या ज्या मराठी कुटुंबांशी तेव्हा ओळख झाली, त्यांतल्या कुणालाच हा कार्यक्रम माहीत नव्हता. म्हणून हे लिहितेय.

१९६४ च्या आर्थिक संधी कायद्यातून हा निघाला आणि १९६५ च्या उन्हाळ्यात पहिले प्रायोगिक वर्ग भरले. खर्च केंद्र सरकारचा. राहणं, जेवण, शिकवणी सगळं मोफत. आठवी झालेली, साधारण १३ ते १९ वयाची मुलं घेतात. घरचं उत्पन्न कमी असावं किंवा आईवडिलांपैकी कुणाकडेच पदवी नसावी, हे मुख्य निकष. सहसा नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. एच-४ सारख्या तात्पुरत्या व्हिसावर प्रवेश मिळत नाही. प्रत्येक प्रकल्प ठरावीक शाळांसाठीच असतो, त्यामुळे सगळ्यात आधी शाळेच्या काउन्सेलरला विचारा. उत्पन्नाचा पुरावा मागतात, तेव्हा टॅक्सचे कागद हाताशी ठेवा.

सामानाचं एकच सांगते. वसतिगृहातली गादी बहुधा 'ट्विन एक्सएल' मापाची, नेहमीपेक्षा लांब असते. साधी चादर रात्रभर कोपऱ्यातून निसटत राहते.

आता खरं महत्त्वाचं. गणित, प्रयोगशाळेचं विज्ञान, निबंधलेखन, साहित्य, परकीय भाषा हे विषय असतातच, आणि मुलं ते निभावून नेतात. अडतात ती मदत मागताना. कॉलेजमध्ये प्राध्यापक आठवड्यातले काही तास आपल्या खोलीत फक्त विद्यार्थ्यांसाठी बसतात, त्याला 'ऑफिस अवर्स' म्हणतात. हा शब्द ऐकला की आमच्या मुलांना वाटायचं, काहीतरी चुकलंय म्हणून बोलावलंय. मला ते लगेच कळायचं. मी ज्या शाळेत वाढले तिथे सरांच्या खोलीत जायचं म्हणजे बोलणी खायला जायचं. इथे आल्यावर पहिलं सत्र मी त्याच भीतीत काढलं आणि एका विषयात जेमतेम पास झाले. कुणी आधी सांगितलं असतं तर ते सत्र वाचलं असतं, असं मला अजून वाटतं.

म्हणून मी मुलांना रिकाम्या हातांनी पाठवत नसे. सोडवलेलं गणित न्यायचं, अडलेल्या ओळीवर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, "इथपर्यंत आलं, पुढे कळत नाही." "मला काहीच येत नाही" असं म्हणायचं नाही, त्यावर शिकवणाऱ्याला कुठून सुरुवात करावी ते कळत नाही.

दुसरा आठवडा सर्वांत जड जातो. नवलाई ओसरते, घरची आठवण दाटते, चाचण्या सुरू होतात. पालकांनो, "परत ये" असं त्या आठवड्यात तरी म्हणू नका. रोज तासभर फोन चालला तर मूल मजल्यावरच्या मुलांत मिसळतच नाही. माझ्या मजल्यावरच्या एका मुलीची बॅग आठव्या दिवशी भरून तयार होती. तिच्या आईने फोनवर एवढंच विचारलं, "उद्या कुठला तास आहे?" मुलीने सांगितलं: त्रिकोणमिती. मग ती त्याच तासातलं अडलेलं घेऊन माझ्या दारात आली. वही उघडी होती आणि बोट बरोबर चौथ्या ओळीवर होतं.