पाण्यात पाइल ठोकताना माशांना होणारी इजा कशी टाळावी

पुलासाठी किंवा जेट्टीसाठी पोलादी पाइल, म्हणजे तळाच्या जमिनीत रोवायचा पायाचा लांब खांब, हातोड्याने ठोकला जातो, तेव्हा प्रत्येक घावासरशी दाबाची तीव्र लाट पाण्यात पसरते. ज्या माशांच्या पोटात हवेचे वाताशय असते, म्हणजे आपले कोळी ज्याला बोत म्हणतात ते, त्यांना या लाटेचा धोका सर्वाधिक असतो. कारण दाब वाढताच ती पिशवी आकसते, उतरताच झपाट्याने फुगते, आणि तिच्या धडकांनी लगतच्या मूत्रपिंडात व यकृतात रक्तस्राव होतो, कधी पिशवीच फाटते. मोठ्या वाताशयाच्या घोळीला त्यामुळे जो धोका संभवतो, तो वाताशय नसलेल्या मुशीला किंवा लेपीला बराच कमी असतो.

आधी मर्यादा ठरवावी. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील मत्स्य व महामार्ग यंत्रणांनी २००८ मध्ये मान्य केलेले आकडे आधाराला घेता येतात: एका घावाचा शिखरदाब २०६ डेसिबल, आणि दिवसभरातील सर्व घावांची एकत्रित ध्वनिऊर्जा २ ग्रॅम व त्याहून जड माशांसाठी १८७, तर त्याहून लहान पिल्लांसाठी १८३ डेसिबल. पाण्यातील आणि हवेतील डेसिबलचे संदर्भदाब वेगळे असल्याने या आकड्यांची तुलना रस्त्यावरील गोंगाटाशी करू नये.

एकत्रित मर्यादेकडे हमखास दुर्लक्ष होते. घावांची संख्या दुप्पट झाली की ३ डेसिबल वाढतात. म्हणून एका घावाची ऊर्जा १६० डेसिबल असलेल्या ठिकाणी सुमारे ५०० घावांतच १८७ ची मर्यादा गाठली जाते. दिवसाला किती पाइल ठोकायचे, हे या हिशेबावरून ठरवावे.

जमीन परवानगी देत असेल तर आघाती हातोड्याऐवजी कंपनाने पाइल उतरवणारे यंत्र वापरावे किंवा जमिनीत छिद्र पाडून त्यात काँक्रीटचा पाइल ओतावा. माझ्या मते सर्वांत मोठा फरक याच निर्णयाने पडतो. ठोकणे अटळच असेल तर पाइलभोवती तळाशी छिद्रांची नळी टाकून बुडबुड्यांचा पडदा उभारावा. सॅन फ्रान्सिस्को–ओकलंड पुलाच्या कामात २००० मध्ये चाचणीचे पाइल ठोकताना मासे मेले होते, आणि तेथेच असा पडदाही तपासला गेला. नळी तळाला नीट टेकलेली असावी, अन्यथा खालच्या फटीतून आवाज निसटतो. प्रवाह जोराचा असेल तर बुडबुडे वाहून जातात, तेव्हा पडद्याला बाहेरून नळकांड्याचे कवच द्यावे. जमिनीतून जाणारा कंप मात्र पडद्याने अडत नाही.

सुरुवातीला हलके घाव घालण्याची पद्धत पाळावी, परंतु तेवढ्यावर विसंबू नये, कारण मासे दूर जातीलच असे नाही. अंडी घालण्याचा व स्थलांतराचा हंगाम टाळावा. पाण्यात हायड्रोफोन (पाण्याखालचा आवाज टिपणारे यंत्र) ठेवून प्रत्येक घाव नोंदवावा आणि मर्यादा गाठताच त्या दिवसाचे ठोकणे थांबवावे. पृष्ठभागावर मेलेले मासे दिसत नाहीत म्हणून इजा झाली नाही असे मानू नये. जखमी मासे तळाशी जातात किंवा पक्ष्यांच्या तोंडी पडतात.