शाळेतला पुरीम: या चुका टाळा

ठाण्याच्या घरी आजी पुरीम या ज्यू सणाला सरळ 'होळीचा सण' म्हणायची. आम्हा बेने इस्राएलांत, म्हणजे महाराष्ट्रातल्या मराठी ज्यूंत, तेच नाव रुळलेलं, कारण दोन्ही सण बहुधा एकाच पौर्णिमेला धरून येतात. आता मुलगी न्यू जर्सीत ज्यू डे स्कूलला जाते आणि सहा वर्षं मी तिथल्या पालक समितीत आहे. पुढच्या चुकांपैकी निम्म्या माझ्याच हातच्या.

तारखेपासून सुरू करू. पुरीम अदार महिन्याच्या 14 तारखेला. पण आपल्यासारखाच ज्यू पंचांगातही अधिक महिना असतो, 19 वर्षांत 7 वेळा, आणि त्या वर्षी अदार दोन होतात. सण दुसऱ्या अदारात. 2027 हे तसलंच वर्ष आहे. पहिल्या अदाराची 14 धरून 21 फेब्रुवारीला हॉल अडवलात तर फसलात. खरा पुरीम 22 मार्चच्या संध्याकाळी लागतो आणि 23ला संध्याकाळी संपतो. 22ला दिवसभर एस्तेरचा उपास. लहानांना तो नसतो, पण शिक्षकांना असतो. त्यांच्या नाकासमोर पिझ्झा पार्टी ठेवण्याचा पराक्रम आम्ही करून चुकलो आहोत.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो मेगिलाच्या वाचनात. मेगिला म्हणजे चर्मपत्रावर हातानं लिहिलेली एस्तेर राणीची गोष्ट. तिच्या पहिल्याच ओळीत 'होदू' येतं, म्हणजे हिंदुस्थान: अहश्वेरोश राजाच्या 127 प्रांतांचं एक टोक. (दरवर्षी तिथे मुलगी माझ्याकडे वळून बघते.) खलनायक हामानाचं नाव 54 वेळा येतं आणि दर वेळी मुलं खुळखुळे फिरवून, पाय आपटून ते बुडवतात. गंमत खरी, पण वाचनातला प्रत्येक शब्द कानावर पडायलाच हवा, आणि 200 मुलं एकदा सुटली की आवरत नाहीत. पुढचं वाक्य गोंगाटात वाहून जातं. 'शांत बसा' ओरडून आवाजात भरच पडते. आमच्याकडे लागू पडलेला उपाय साधा: आठवीतली एक मुलगी पुढे उभी, हातात एका बाजूनं हिरवी, दुसऱ्या बाजूनं लाल पाटी. हिरवी दिसली की धिंगाणा, लाल झाली की चिडीचूप. पाटी लाल होईपर्यंत वाचणाऱ्यानं पुढचा शब्द उच्चारायचा नाही. हामानाच्या 10 मुलांची नावं एका दमात वाचतात, तिथे पाटी लालच ठेवा, नाहीतर बिचाऱ्याचा दम तुटतो. शिट्ट्या आणि भोंगे दारातच काढून घ्या. आवाजाचा त्रास होणाऱ्या मुलांसाठी शेजारच्या वर्गात वेगळं वाचन ठेवा. हे आम्हाला फार उशिरा सुचलं.

वेशभूषेबद्दल एवढंच: खोट्या बंदुका-तलवारी नकोत, आणि ते घरी आठवडाभर आधी कळवा. सकाळी गेटवर तलवार काढून घेतलेला मर्दखय (गोष्टीतला एस्तेरचा चुलतभाऊ) दिवसभर रडतो.

हामानताशन, म्हणजे ती तिकोनी बिस्किटं, भट्टीत उकलून सपाट होतात अशी तक्रार दरवर्षी येते. करंज्या करणारीला कारण सांगायला नको: सारण जास्त, कडा कोरड्या. चमचाभरच सारण, तेही घट्ट. पातळ जॅम उकळून बाहेर येतो. कडेला पाण्याचं बोट फिरवा, तिन्ही कोपरे दाबून चिमटा आणि भाजण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. मात्र घरची बिस्किटं शाळेत वाटता येतीलच असं नाही. आमच्या शाळेत कोशरची, म्हणजे ज्यू आहारनियमांत बसत असल्याची, खूण असलेली, बिनदाण्याची बंद पाकिटंच चालतात. आधी विचारा, मग 80 बिस्किटं करा.

भेटीच्या पुडीत, म्हणजे मिश्लोआख मानोतमध्ये, लगेच खाता येतील असे दोन पदार्थ लागतात. पहिल्या वर्षी मी मोठ्या हौसेनं चहाचा मसाला दिला होता. तो मोजणीत धरला गेला नाही.

आणि ज्याला खरं महत्त्व, तेच शेवटी उरतं. किमान दोन गरजूंना पुरीमच्याच दिवशी दान पोचायला हवं. आमचे सगळे पैसे फुगे-जादूगारात जायचे आणि दानाचे डबे आठवड्यानं उघडायचे. आता रब्बी, म्हणजे आमचे धर्मगुरू, आधीच पैसे पोचवण्याची सोय लावून ठेवतात आणि सातवीची मुलं सकाळी नाणी मोजायला बसतात. गेल्या खेपेला मोजणी संपली असं वाटलं, तर एका अहश्वेरोशाच्या मुकुटातून आणखी सात क्वार्टर, म्हणजे पाव डॉलरची नाणी, निघाले.